मकबऱ्याच्या बागेतील विद्यार्थी : मौलवी अब्दुल हक

बीबी का मकबरा पाहण्यासाठी आपल्या शहरात बाराही महिने लोक येत असतात. संगमरवरी घुमट, चार मिनार, कोरडी किंवा वाहती कारंजी पाहून ते पाणचक्कीकडे वळतात आणि तेथून वेरूळला जातात. याच बागेच्या आवारात एका बंगल्यात राहून, खिडकीसमोर मेज टाकून, एका गृहस्थाने वयाच्या चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थीदशा पत्करली होती, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. खुद्द आपल्या शहरातल्या मुलांनाही ते सांगावे लागते. त्या गृहस्थांचे नाव मौलवी अब्दुल हक. उर्दूच्या दुनियेत ते ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले जातात.

या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र निवडण्यास कारण आहे. प्रवेशाच्या दिवसांत शाळेच्या दारात पालकांचे दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. मुलाला उर्दूत घालावे, मराठीत घालावे की इंग्रजीत, हा पहिला. दुसरा प्रश्न तसा विचारला जात नाही, उसासा टाकून बोलला जातो : आमचे शिकायचे राहून गेले, आता या वयात काय शिकणार? मौलवीसाहेबांच्या आयुष्यात या दोन्ही प्रश्नांचा संबंध येतो. पहिल्या प्रश्नाबाबत त्यांचे सगळेच निर्णय आपल्याला पटतील असे नाही. तेही पुढे सांगणार आहे. थोरांचे चरित्र सांगताना अवघड भाग वगळण्याची जी रीत पडली आहे ती विद्यार्थ्यांच्या हिताची नाही.

मौलवी अब्दुल हक यांचा जन्म १८७० सालचा, मेरठ जिल्ह्यातील हापूड भागातला. अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजातून ते १८९४ साली बी. ए. झाले. सर सय्यद अहमद खान तेव्हा हयात होते. मौलाना शिबली नोमानी आणि प्रोफेसर आर्नल्ड यांच्यासारखी माणसे त्या कॉलेजात शिकवीत होती. अशा सहवासाचे मोल पदवीच्या कागदापेक्षा जास्त असते. भाषा साधी असावी, विषय नेमका मांडावा, अलंकारांच्या ओझ्याखाली अर्थ दबू देऊ नये, ही सर सय्यद यांची शिकवण त्यांनी उचलली ती अखेरपर्यंत सोडली नाही. कवी हाली हे त्यांचे दुसरे आदर्श.

पदवी घेऊन ते पोटापाण्यासाठी दक्षिणेत, निजामाच्या हैदराबादेत आले. तेथे मदरसा-ए-आसफिया या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. ‘अफसर’ नावाचे एक मासिकही चालवीत. शाळामास्तरकी, भाषांतराची कामे, मासिकाच्या मुद्रितांची तपासणी यांत पंधराएक वर्षे गेली. या काळाबद्दल लिहावे असे फार नाही. हजारो शिक्षकांचे आयुष्य जसे जाते तसेच त्यांचेही गेले असते आणि निवृत्तीनंतर हापूडला परतून ते विस्मृतीत गेले असते. तसे घडले नाही, कारण १९११ च्या सुमारास त्यांची नेमणूक औरंगाबाद सुभ्याच्या शिक्षणखात्याचे प्रमुख म्हणून झाली. पद ‘सदर मोहतमिम तालीमात’ असे भारदस्त होते, परंतु मुख्य काम गावोगावच्या शाळा तपासण्याचे. तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते.

दुसऱ्याच वर्षी, १९१२ साली, त्यांच्याकडे अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे चिटणीसपद आले. ही संस्था १९०३ साली मुस्लिम शैक्षणिक परिषदेची शाखा म्हणून निघाली होती. आर्नल्ड तिचे पहिले अध्यक्ष आणि शिबली पहिले चिटणीस. नावे एवढी मोठी असूनही संस्थेत जीव नव्हता. मौलवीसाहेबांच्या ताब्यात आली ती संस्था म्हणजे एक जुनी पेटी आणि तीत थोडी कागदपत्रे, अशी आठवण उर्दूवाले अजून सांगतात. ही पेटी औरंगाबादेत आली आणि १९३८ पर्यंत अंजुमनचा मुक्काम येथेच राहिला. पंचवीस वर्षे उर्दू भाषेचे एक मोठे ठाणे दिल्लीत नव्हते की लखनौला नव्हते. ते आपल्या औरंगाबादेत होते. अंजुमनचा स्वतःचा छापखाना येथे चालत असे आणि ‘औरंगाबाद, दक्कन’ अशी मोहोर असलेली तिची पुस्तके पेशावरपासून मद्रासपर्यंत जात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मौलवीसाहेब उत्तरेचे. उर्दू ही आमची, दिल्ली-मेरठकडची, असा अभिमान तिकडच्या माणसाला असणे स्वाभाविक. दक्षिणेतल्या मुसलमानांची बोली, म्हणजे दखनी, तिकडच्या लोकांना ओबडधोबड वाटे. आजही वाटते. नाही म्हणायला ‘नक्को’, हो म्हणायला ‘हौ’, आणि जोर द्यायचा तर शब्दाला ‘च’ जोडायचा. ‘मैच आया’, ‘उनेच बोल्या’. हे ‘नक्को’ आपल्या मराठी ‘नको’चे सख्खे भावंड आहे, आणि हा ‘च’ तर मराठीतून जसाच्या तसा उचललेला. आमच्या घरांत वडीलधारी मंडळी अशीच बोलत आणि शाळेत जाणारी मुले पाहुण्यांसमोर त्यांना गप्प करू पाहत. शुद्ध उर्दू नाही, शुद्ध मराठीही नाही, अशी ही घरची भाषा म्हणजे काहीतरी कमीपणा आहे, ही समजूत आपल्यातल्या पुष्कळांनी लहानपणापासून बाळगली आहे.

मौलवीसाहेबांनी या बोलीकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिले. शाळा तपासण्याच्या निमित्ताने आणि अंजुमनच्या कामासाठी त्यांची भ्रमंती चाले. जुनी हस्तलिखिते मिळवायची, विकत घ्यायची, न मिळाल्यास नकलून घ्यायची, हा छंद त्यांना जडला. त्या काळी उर्दू कवितेची सुरुवात वलीपासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस, धरली जाई. वली हा आपल्याच औरंगाबादचा, त्यामुळे तो मान आपल्याकडे होताच. परंतु जुन्या वह्या उघडू लागल्यावर मौलवीसाहेबांच्या लक्षात आले की वलीच्या मागे गोवळकोंडा, विजापूर आणि गुलबर्गा येथे दीडदोनशे वर्षांचे वाङ्मय पडून आहे, आणि ते याच ‘नक्को’ आणि ‘च’च्या भाषेत आहे. ज्या बोलीला अशुद्ध म्हणून हसत होते, ती उर्दूची थोरली बहीण निघाली.

हे काम सोपे नव्हते. दखनी शब्द उत्तरेच्या कोशांत सापडत नाहीत. कित्येक शब्द मराठी, तेलुगू, कानडी, गुजराती यांच्याकडे पाहिल्याशिवाय उलगडत नाहीत. लेखनाची पद्धत जुनी, अक्षरांवर नुक्ते नाहीत, कुठे पान वाळवीने खाल्लेले. बी. ए. होऊन वीस वर्षे उलटलेल्या, शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याने या ओळी पुन्हा अलिफ-बे पासून शिकाव्यात, तसाच हा प्रकार होता. त्यांनी तो पत्करला. १९१४ साली त्यांचे उर्दू व्याकरण ‘कवाइद-ए-उर्दू’ प्रसिद्ध झाले. उर्दूचे व्याकरण अरबी-फारसीच्या साच्यात कोंबू नये, ती हिंदुस्थानात जन्मलेली भाषा आहे, तिचे नियम तिच्यातच शोधावेत, ही त्यांची भूमिका. पुस्तक पुष्कळ वर्षे शाळा-कॉलेजांतून चालले.

१९२१ च्या जानेवारीत औरंगाबादहून ‘उर्दू’ हे त्रैमासिक निघाले. एकावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या संपादकाने ते बहुतेक स्वतःच्या खांद्यावर चालवले. १९२२ च्या अंकात त्यांनी गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा याच्या काव्याची ओळख करून दिली, तेव्हा उर्दूच्या अभ्यासकांना प्रथमच नीट कळले की वलीच्या शंभर वर्षे आधी एका सुलतानाने एवढी मोठी काव्यरचना करून ठेवली आहे. पुढे १९३२ साली मुल्ला वजहीचा ‘सबरस’ त्यांनी संपादित करून छापला. १६३५ सालचा हा गद्य ग्रंथ दखनीचा मुकुटमणी मानला जातो. तो छापून हाती पडला तेव्हा मौलवीसाहेब बासष्ट वर्षांचे होते. वजहीचीच ‘कुतुब मुश्तरी’ आणि विजापूरचा कवी नुसरती यांच्यावरील त्यांचे काम त्याही नंतरचे.

औरंगाबादकरांनी खास लक्षात ठेवावे असे एक प्रकाशन १९२८ चे आहे. लछमी नारायण शफीक हा अठराव्या शतकातील औरंगाबादचा एक खत्री घराण्यातला तरुण, खुलदाबादेत चिरनिद्रा घेत असलेल्या आझाद बिलग्रामी यांचा शिष्य. याने वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी उर्दू कवींच्या परिचयाचा ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ हा ग्रंथ लिहिला. दीडशेहून अधिक वर्षांनी अठ्ठावन्न वर्षांच्या मौलवीसाहेबांनी तो शोधून, तपासून, याच शहरात छापला. सतरा वर्षांचा हिंदू मुलगा उर्दू कवींचा इतिहास लिहितो आणि मुसलमान शिक्षक म्हातारपणी त्याची सेवा करतो, ही आपल्या शहराची जुनी चाल आहे. आज ती कथा सांगावी लागते, याचे वाईट वाटते.

या संशोधनात त्यांच्याकडून चुकाही झाल्या. ‘मेराजुल आशिकीन’ ही छोटी पुस्तिका त्यांनी गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांची म्हणून छापली आणि उर्दू गद्याचा उगम तेवढा मागे नेला. पुढच्या संशोधकांनी भाषा पारखून ती फार नंतरची असल्याचे दाखवले. परंतु वाट कोणीतरी पहिल्यांदा तुडवावी लागते, तेव्हाच मागून येणाऱ्याला ती कोठे चुकली ते दिसते. मौलवीसाहेबांनी मूळ पाठ छापला नसता तर तपासायलाही काही हाती नव्हते.

मराठी वाचकांच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत जवळचे पुस्तक मात्र वेगळेच आहे आणि ते फारसे कोणाला माहीत नाही. १९३३ साली अंजुमनने त्यांचे ‘मरहठी जबान पर फारसी का असर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. वीस वर्षे मराठी मुलखात काढल्यावर, आजूबाजूच्या लोकांच्या तोंडची भाषा कान देऊन ऐकल्यावर, त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी हा विषय उर्दू वाचकांपुढे ठेवला. मराठीत फारसी शब्द आले हे सर्वांना माहीत असते. ते किती खोल गेले आहेत हे आपण विचार केल्याशिवाय जाणवत नाही. शाळेतला कागद, शाई, हजेरी, कचेरीतले दफ्तर आणि कारकून, कोर्टातला वकील आणि फिर्याद, घरातली चादर आणि रुमाल, बाजार आणि दुकान. हे झाले सुटे शब्द. त्याहून गमतीची गोष्ट अशी की फारसी प्रत्यय मराठी शब्दांना चिकटले. ‘दरवर्षी’ या शब्दातील ‘दर’ फारसी आणि ‘वर्षी’ आपला. ‘बेडर’मधील ‘बे’ फारसी. आडनावे पाहा : चिटणीस, फडणीस, सबनीस, कारखानीस यांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. पारसनीस हे आडनाव तर सरळ ‘फारसी-नवीस’. आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या वडिलांचे शहाजी आणि चुलत्यांचे शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्यावरून ठेवली गेली, असे परंपरा सांगते.

या विषयावर मराठीत इतिहासाचार्य राजवाड्यांनी आधीच विचार केला होता. १६२८ च्या एका पत्रात मराठी शब्द शेकडा चौदाच्या आसपास आणि बाकी फारसी, तर १७२८ च्या पत्रात मराठीचे प्रमाण शेकडा त्र्याण्णवच्या घरात, अशी मोजणी त्यांनी केली. मधल्या काळात शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला होता. आणि पुण्याकडे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. एक ब्राह्मण प्राध्यापक फारसी शिकून मराठीसाठी कोश करतो आणि त्याच सुमारास एक उत्तर हिंदुस्थानी मौलवी औरंगाबादेत बसून मराठीवर पुस्तक लिहितो. दोघांचीही कामे आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात शेजारी शेजारी असावीत, अशी माझी ग्रंथालय समितीला विनंती आहे.

आता तो अवघड भाग. निजामाच्या राज्यात तेलुगू बोलणारे सुमारे निम्मे, मराठी बोलणारे सुमारे पाव, कानडी आणि उर्दू बोलणारे प्रत्येकी दहा-बारा टक्के, अशी स्थिती होती. राज्यकारभार मात्र उर्दूत. १९१७ साली मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला आणि सर्व उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे ठरले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते, दारुल तर्जुमा, निघाले आणि त्याचे पहिले नाझिम मौलवी अब्दुल हक झाले. इंग्रजीच्या त्या जमान्यात वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा हे विषय एका देशी भाषेत शिकवून दाखवणे हा मोठा पराक्रम होता, यात शंका नाही. हजारो पारिभाषिक शब्द घडवावे लागले. त्याचे नियम सांगणारे वहीदुद्दीन सलीम यांचे पुस्तक अंजुमननेच १९२१ साली छापले. आपल्या भाषेत विज्ञान शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना ते कायमचे उत्तर आहे.

परंतु जालना किंवा परभणीच्या खेड्यातून आलेल्या मराठी मुलाच्या दृष्टीने ही देशी भाषासुद्धा परकीच होती. त्याला आधी उर्दू शिकावी लागे आणि मग विषय. कितीतरी हुशार मुले त्या उंबरठ्यावर अडली. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व मौलवीसाहेब उर्दूच्या बाबतीत तळमळीने मांडत. तेच तत्त्व मराठीच्या आणि तेलुगूच्या मुलालाही लागू होते, हे त्या राज्याच्या धोरणात उतरले नाही आणि त्यांनीही त्यासाठी झगडा केल्याचे दिसत नाही. १९४८ नंतर चित्र उलटले. मराठवाड्यात मराठी कारभाराची भाषा झाली आणि तीच अडचण उर्दू शाळेतून आलेल्या आपल्या मुलांच्या वाट्याला आली. ज्यांनी दोन्ही काळ पाहिले त्यांना हे दुखणे दोन्ही बाजूंनी कळते.

१९२३ साली औरंगाबादेत उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले. आज किलेअर्कमध्ये असलेले शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. मौलवीसाहेब त्याचे पहिले प्राचार्य. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची ही सुरुवात म्हणता येईल, कारण विद्यापीठ व्हायला येथे १९५८ साल उजाडावे लागले. प्राचार्यपदावर असतानाच त्रैमासिक, छापखाना, हस्तलिखिते आणि १९२८ साली सुरू केलेले ‘सायन्स’ हे नियतकालिक, असे चौफेर काम चालू होते. वेळ कसा मिळे, याचे कारण उघड आहे. त्यांनी संसार असा केला नाही. जे मिळवले ते अंजुमनला दिले.

मकबऱ्याच्या बागेची देखरेख त्यांच्याकडे होती आणि राहण्याचा बंगलाही तेथेच. बंगल्यापुढे फुलबाग करण्याचे काम त्यांनी नामदेव नावाच्या माळ्यावर सोपवले. नामदेव त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातला, शिक्षण नाही, हुद्दा नाही. मौलवीसाहेब आत मेजावर लिहीत बसत आणि मान वर केली की खिडकीतून नामदेव दिसे. कधी तो रोपाभोवती आळे करीत असे, कधी एका झाडासमोर बसून त्याची पाने न्याहाळीत असे, मागे सरून पाही, हसे, जणू त्याच्याशी बोले. त्याला मूलबाळ नव्हते, झाडेच त्याची मुले. एखाद्या रोपाला कीड लागली तर औषध आणून, रात्र जागून त्याची शुश्रूषा करी. झाडपाल्याचे ज्ञान असल्याने आसपासचे लोक लहान मुलांच्या दुखण्यासाठी त्याच्याकडे येत, आणि तो पैसा न घेता औषध देई. एका वर्षी पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, बागा जळाल्या. नामदेवने लांबून डोक्यावरून पाणी वाहून आणले, गाळ मिसळलेले पाणी, आणि आपली झाडे जगवली. त्याबद्दल बक्षीस देऊ केले तर त्याने ते घेतले नाही. आपल्या मुलांना जगवण्याचे बक्षीस कोण घेतो, असा त्याचा सवाल.

पुढे नामदेवची बदली शाही बागेत झाली. तेथे एके दिवशी मधमाश्या उठल्या, बाकीचे माळी पळाले, नामदेव कामात गढलेला, त्याला कळलेच नाही. माश्यांनी त्याला इतके चावले की त्यात तो गेला. मौलवीसाहेबांनी त्याच्यावर जे शब्दचित्र लिहिले ते त्यांच्या ‘चंद हम-असर’ या पुस्तकात आहे. त्या पुस्तकात हाली आहेत, नवाब मोहसिनुल मुल्क आहेत, मौलाना मुहम्मद अली आहेत, रॉस मसूद आहेत. त्या मोठ्या नावांच्या रांगेत त्यांनी नामदेव माळ्याला आणि नूर खान नावाच्या एका साध्या शिपाईगड्याला बसवले. उर्दू गद्याचे जाणकार हीच दोन चित्रे त्यांत उत्तम मानतात. एका भाषापंडिताने एका निरक्षर माणसाकडून काय घेतले, हे त्या लेखात शब्दाशब्दांत दिसते. नेटाने, कोणी पाहत नसतानाही, आपल्या कामावर जीव लावणे. हस्तलिखितांच्या बाबतीत मौलवीसाहेब तेच तर करीत होते.

१९३० च्या सुमारास ते सरकारी नोकरीतून मोकळे झाले आणि हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक झाले. ज्या वयात लोक काठी घेऊन फिरायला जातात त्या वयात ते एम. ए.च्या वर्गाला शिकवू लागले. स्वतः त्यांनी एम. ए. केलेले नव्हते. पुढे अलाहाबाद आणि अलीगढ या विद्यापीठांनी त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तेव्हापासून नावामागे ‘डॉक्टर’ लागले. १९३७ साली अंजुमनचा इंग्रजी-उर्दू कोश बाहेर पडला. दीड हजारांवर पानांच्या या ग्रंथासाठी अनेक विद्वान वर्षानुवर्षे राबले होते आणि त्यावर प्रकाशनस्थळ औरंगाबादच छापलेले आहे. उर्दू अनुवादक तो कोश आजही उघडतात.

१९३६ च्या एप्रिलमध्ये नागपूरला भारतीय साहित्य परिषद भरली. गांधीजी अध्यक्षस्थानी होते. देशाच्या सामायिक भाषेला ‘हिंदी-हिंदुस्तानी’ म्हणावे असे तेथे निघाले, तेव्हा मौलवीसाहेबांचे त्यांच्याशी तीव्र मतभेद झाले. केवळ ‘हिंदुस्तानी’ का नाही, हा त्यांचा आग्रह. त्या दिवसापासून ते अभ्यासकाचे लढवय्ये झाले. १९३८ साली अंजुमनची कचेरी दिल्लीला दरियागंजमध्ये गेली. माझ्या मते औरंगाबादेतला अभ्यासक त्या लढवय्यापेक्षा मोठा होता, परंतु हे मत सर्वांचे नाही, हे मान्य करतो.

दिल्लीत काय झाले ते सांगताना मन जड होते. १९४७ च्या दंगलीत अंजुमनच्या कचेरीची लुटालूट झाली. औरंगाबादेत एकेक पान करून जमवलेल्या पुस्तकांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या वाट्याला हे आले. त्यानंतर ते कराचीला गेले. भारतातील अंजुमन वेगळी होऊन आधी अलीगढला आणि पुढे दिल्लीला काम करू लागली. फाळणीने भाषेचे घरही असे दोन चुलींचे झाले. कराचीत त्यांनी पुन्हा मांडणी केली, १९४९ साली उर्दू कॉलेज काढले आणि कोशाचे काम चालू ठेवले. तेथेही संस्थेतल्या भांडणांनी त्यांना पुष्कळ मनस्ताप दिला. १६ ऑगस्ट १९६१ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कॉलेजच्या आवारातच त्यांची कबर आहे. त्या कॉलेजला २००२ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आपल्या शहरात त्यांच्या नावाचा मोठा पुतळा नाही, आणि त्यांना तो आवडलाही नसता. किलेअर्कमधले कॉलेज आहे. जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत ‘औरंगाबाद, दक्कन’ अशी मोहोर असलेली पिवळी पडलेली पुस्तके आहेत. ती चाळताना पाने जपून उलटावीत. नामदेव माळ्याचा धडा उर्दूच्या शालेय पुस्तकांतून कितीतरी पिढ्यांनी वाचला आहे. आपली मुले सहलीला मकबऱ्यात जातात तेव्हा ते ज्या हिरवळीवर डबा उघडतात, ती त्याच धड्यातली बाग आहे.